दुकानही त्याचं, मनही त्याचंच

30 सप्टेंबर 2025 रोजी एओएलने डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली, तेव्हा ती तोवर चालू होती याचंच अनेकांना नवल वाटलं. नोरा एफ्रनच्या ‘यू हॅव गॉट मेल’ या चित्रपटातलं अख्खं प्रेमप्रकरण त्याच किरकिऱ्या मोडेमवर जुळलं होतं.

गोष्ट तशी जुनीच. मिक्लोश लास्लोचं बुडापेस्टच्या अत्तराच्या दुकानातलं नाटक 1937चं. त्यावर 1940मध्ये लुबिचचा चित्रपट आला, पुढे ज्यूडी गार्लंडचा संगीतपट, मग ब्रॉडवे. सगळीकडे दोघं एकाच दुकानातले नोकर. समोरासमोर भांडणार आणि निनावी पत्रांतून प्रेम करणार. त्यांना धंद्यातले वैरी केलं ते नोरा आणि डेलिया या एफ्रन बहिणींनी, 1998मध्ये.

आणि ते दशकच तसं होतं. न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडला बार्न्स अँड नोबल या साखळीचं पुस्तकांचं अवाढव्य दुकान आलं. सवलती, ऐसपैस खुर्च्या, वर कॉफी. जवळचंच शेक्सपिअर अँड कंपनी 1996मध्ये बंद पडलं. सिनेमातल्या कॅथलीनचं मुलांच्या पुस्तकांचं दुकान आईकडून आलेलं, तर जो फॉक्स साखळी दुकानांचा वारस. ती वर्तमानपत्रांत झळकते, टीव्हीवर बोलते, निदर्शनं होतात. गल्ला मात्र रिकामाच. इथवर सिनेमा प्रामाणिक आहे.

पुढे लबाडी सुरू होते. ईमेलवाली कोण हे जोला मध्यावरच कळतं, तिला शेवटपर्यंत नाही. तिचं दुकान बुडवून हा पठ्ठ्या सर्दीने बेजार झालेल्या तिच्या घरी डेझीची फुलं घेऊन हजर! टॉम हँक्स नसता तर प्रेक्षकांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. लुबिचच्या नायकाला निदान दुकानाचा व्यवस्थापक तरी करतात. कॅथलीनला मिळतो फक्त नायक. ती मुलांसाठी पुस्तक लिहायला घेते खरी, पण ते विकायला ठेवणार कुठे? फॉक्सच्याच फळीवर.

खरा वैरी तर त्याच तारेतून येत होता. अ‍ॅमेझॉन 1995पासूनच पुस्तकं विकत होतं. या गोष्टीत त्याला जागा नाही. 2011मध्ये बॉर्डर्स ही साखळी संपली. त्याच वर्षी बार्न्स अँड नोबलचं लिंकन सेंटरजवळचं मोठं दुकानही गेलं, आणि कालचा खलनायक हळहळीचा विषय झाला.

2019मध्ये कंपनी विकली गेली. लंडनचे पुस्तकविक्रेते जेम्स डाँट प्रमुख झाले आणि कुठली पुस्तकं ठेवायची हे ज्या त्या दुकानाने ठरवावं, असं त्यांनी सुरू केलं. थोडक्यात, कॅथलीनची पद्धत. जो आणि तिचा संसार टिकला असेल, तर एव्हाना तिने हे त्याला जेवताना दोनदा तरी ऐकवलं असेल.