जुनी होडी घेताय? आधी दाभण काढा

खाडीकाठच्या आपल्या गटांत हल्ली जुनी होडी घ्यायचा विषय निघतो. कुणाला शिंपल्या काढायला जायचं असतं, कुणाला पर्यटकांना खाडी दाखवायची असते. होडी स्वस्त मिळते, पण दुरुस्तीचा अंदाज आल्याशिवाय बयाणा देऊ नका, असं आम्ही प्रत्येक गटाला सांगतो. कर्ज सगळ्यांच्या नावावर असतं आणि होडीत आपलीच माणसं बसतात.

होडी आधी पाण्याबाहेर काढायला लावा. रंगाला भुलू नका. तळाचं मुख्य लाकूड, फळ्यांचे सांधे, खिळ्यांभोवतीची जागा दाभणाने टोचून पाहा. दाभण सहज आत गेलं, तर लाकूड कुजलंय. दोन-चार फळ्या बदलता येतात. तळाचं मुख्य लाकूडच गेलं असेल, तर ती होडी सोडून द्या.

मग मिस्त्री. त्याने दुरुस्त केलेली, एक पावसाळा काढलेली होडी पाहा, तिच्या मालकाशी बोला. तिघांकडून दर घ्या, पण तिघांना यादी एकच द्या: किती फळ्या, कोणतं लाकूड, कोणते खिळे, सांधे भरणं, रंगाचे हात किती. ‘सगळं मिळून इतके’ हे चालायचं नाही. मजुरी वेगळी, सामान वेगळं. सामान गटानेच बिल घेऊन आणावं.

समजा, गटाकडे दुरुस्तीला ५०,००० रुपये आहेत. ठराव ४०,००० चाच करा. जुनी फळी उघडली की आत आणखी काही निघतंच, त्यासाठी १०,००० मागे ठेवा. जादा काम मिस्त्रीने आधी दाखवायचं, गटाने हो म्हटल्यावरच करायचं. पैसे कमी पडले तर रंगरंगोटी थांबवा. तळ, सांधे आणि खिळे यांत काटकसर नको.

काम शक्यतो कोरड्या दिवसांत काढा. ओल्या लाकडावर फायबर नीट धरत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की मिस्त्री हाती लागत नाहीत.

मजुरी हप्त्याने द्या. शेवटचा हप्ता होडी दोन-तीन दिवस पाण्यात ठेवल्यावरच. लाकूड फुगून सांधे बसेपर्यंत थोडं पाणी झिरपतं, घाबरू नका. नंतरही येत राहिलं, तर ते मिस्त्रीने त्याच मजुरीत बंद करून द्यायचं, हे आधीच लिहून घ्या.

पर्यटक बसवणार असाल, तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आणि प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट हा खर्च पहिल्याच अंदाजात धरा. येत्या बैठकीत ही यादी गटाच्या वहीत उतरवून घ्या.