एक गाडी, तीन ऋतू, चार टायर

हुतात्मा बाबू गेनू यांच्या जन्मगावी, महाळुंगे पडवळला, बोलायला मिळतंय हा आम्ही आमचा मान समजतो.

आजचा विषय घरातला आहे. आपल्या चारचाकीला टायर कोणते घ्यायचे आणि आपल्याकडच्या पावसात, उन्हात, थंडीत ते कसे वागतात, हे आपण बघणार आहोत. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, रंगावरून घरात दोन दिवस वाद घालतो. टायर बदलायची वेळ आली की मात्र दुकानदाराला एकच प्रश्न, "सगळ्यांत स्वस्त कोणता?"

आता एक हिशेब करून बघू. घरची पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन समजा साडेचौदाशे किलो झालं. म्हणजे एका चाकावर सरासरी तीनशे साठ किलो. टायरमध्ये ३३ पौंड हवा असेल, तर रस्त्याला टेकलेला टायरचा भाग साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे आपल्या पंजाएवढा. ब्रेक कितीही भारी असू द्या, गाडीत एअरबॅग सहा असू द्या, गाडी थांबते ती या चार पंजांच्या जोरावर. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचं असेल किंवा लेकरांना श्रावणात भीमाशंकरला, भरवसा याच चार पंजांवर.

एका तालुक्यात किती हवामानं?

पुस्तकात टायरचे प्रकार दिलेले असतात, उन्हाळी, हिवाळी आणि सर्व ऋतूंचे. आपल्याला यातलं काय लागू होतं?

हिवाळी टायर आधी बाजूला काढू. थंडीत उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. साधारण सात अंशांच्या खाली पारा बराच काळ राहिला, तर मऊ रबराचा हिवाळी टायर उपयोगी पडतो. त्यावर डोंगराची तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह असतं. तुमच्यापैकी कुणाची मुलं कॅनडात किंवा जर्मनीत असतील तर ती टायरचे दोन सेट ठेवतात हे तुम्हाला माहीत असेल. क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचेच आहेत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी पुन्हा ऊन असतं, आणि बर्फ तर नाहीच. असा मऊ टायर आपल्या एप्रिलमध्ये बघता बघता झिजेल.

मग उरला पाऊस आणि ऊन, आणि हे दोन्ही एकाच तालुक्यात. घोडेगाव सोडून डिंभ्याच्या पुढे पश्चिमेला निघालं की भातखाचरं, धुकं, दिवसच्या दिवस न थांबणारा पाऊस. पूर्वेला लोणी-धामणीकडे गेलं की पाण्याची वाट बघणारा कोरडा पट्टा. एकाच गाडीने सकाळी भीमाशंकर आणि संध्याकाळी धामणी करता येतं. वाटेत टायर काही बदलता येत नाहीत.

म्हणून आम्ही एक सोपं सूत्र सांगतो: टायर निवडायचा पावसासाठी, हवा सांभाळायची उन्हासाठी, आणि बदलायचा वयाकडे बघून. आजचं सगळं बोलणं या तीन गोष्टींचंच आहे.

निवड पावसासाठी

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. लोहार ती तापवून चढवायचा, थंड झाली की आवळून बसायची. धाव चाकाला झिजण्यापासून वाचवायची. रबराच्या हवा भरलेल्या टायरने त्याच्या पलीकडचं काम अंगावर घेतलं. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलप यांनी बेलफास्टमध्ये त्याचं पेटंट घेतलं ते सायकलचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. गाडीचा वेग वाढला तसं आणखी एक काम टायरकडे आलं, रस्त्यावरचं पाणी बाजूला सारायचं.

ते पाणी किती असतं? रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय, टायर १८५ मिलिमीटर रुंद आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चाललीय. सेकंदाला गाडी बावीस मीटर जाते. गुणाकार करा: एका टायरला सेकंदाला बारा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. मध्यम आकाराची एक बादली, दर सेकंदाला! टायरवरच्या खाचा आहेत त्या यासाठी. त्या शोभेची नक्षी नव्हेत, पाण्याला वाट देणारे पाट आहेत. शेताला पाणी देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाट उथळ झाला की पाणी बांधावरून जातं. तसंच टायरखालून पाणी बाहेर पडलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी गाडी सरळ घसरत राहते.

म्हणून दुकानात टायर बघताना काय बघायचं? गोलाईत जाणाऱ्या तीन-चार रुंद, खोल खाचा, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या खाचा. काही टायरवर इंग्रजीत 'ट्रॅक्शन' असा शब्द आणि पुढे अक्षर असतं. ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्यावर पकड किती, याचं माप. डबल ए सगळ्यांत वरचं, मग ए, बी, सी. त्याच ओळीत 'टेंपरेचर' असतं, ते उष्णता सोसायचं माप. त्यात ए सगळ्यांत वर. 'ट्रेडवेअर'चा आकडा झीज सांगतो. तो मोठा असेल तर टायर जास्त टिकेल. पण जास्त टिकणारं रबर बहुतेक वेळा कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर पकडीत थोडं मागे पडू शकतं. नुसता किलोमीटरचा हिशेब करून टायर घेऊ नका तो यासाठी.

ट्रॅक्टरसारखे मोठे ठोकळे असलेले 'ऑल टेरेन' टायर सध्या फॅशनमध्ये आहेत. ते चिखलात खरंच चांगले. पण तुम्ही गाडी चिखलात किती वेळा घालता आणि डांबरावर किती चालवता? ओल्या डांबरावर हे टायर साध्या टायरपेक्षा उशिरा थांबू शकतात आणि आवाजही करतात. रोज बांधावर गाडी नेणाऱ्याने जरूर घ्यावेत. मंचरला बाजाराला जाणाऱ्याला त्यांची गरज नाही. रुंद टायरचंही तसंच. दिसायला दणकट, पण जितका रुंद तितकं जास्त पाणी त्याला सारावं लागतं.

माप मात्र कंपनीने दिलंय तेच ठेवा. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलं असेल तर १८५ मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ६५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल, १५ इंची रिम. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो वजन पेलतं आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगाची मर्यादा. यातला वजनाचा आकडा कधीही कमी करू नका. आपली गाडी कांद्याच्या गोणीसकट पाहुण्यांना घेऊन जाते, हे कंपनीला माहीत नसलं तरी आपल्याला माहीत आहे.

हवा उन्हासाठी

आता सगळ्यांत मोठा गैरसमज. "उन्हाळा आहे, टायर फुटेल, हवा जरा कमी ठेव." हे आपण कितीदा ऐकतो!

खरं उलटं आहे. टायर चालताना प्रत्येक फेऱ्यात खालचा भाग दबतो आणि सुटतो. त्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, बाजू जास्त वाकते, उष्णता वाढत जाते. आतल्या तारा आणि रबर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फुटतो. वरून मे महिन्यातलं तापलेलं डांबर, भरलेली गाडी आणि शंभरच्या पुढचा वेग. उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बहुधा हवा जास्त असणं हे कारण नसतं. हवा कमी, वजन आणि वेग जास्त, अशी ती जोडी असते.

समृद्धी महामार्गाने हा धडा सगळ्या महाराष्ट्रापुढे ठेवला. ७०१ किलोमीटरचा, नागपूरपासून मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा काँक्रीट रस्ता. शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. पहिल्या टप्प्यावर अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. लोक दोष काँक्रीटला देतात. पण गावात चाळीसच्या वेगाने वर्षभर निभावलेला टायर तिथे तासन्‌तास शंभर-एकशेवीसने पळतो, आणि त्याचं आतलं दुखणं तिथे बाहेर येतं.

मग हवा किती ठेवायची? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. टायरवर छापलेला जास्तीत जास्त हवेचा आकडा ही मर्यादा आहे, तो रोज भरायचा आकडा नव्हे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान दहा अंश वाढलं की हवा साधारण दीड पौंड वाढते. त्यामुळे नाशिकहून येताना पंपावर तीन-चार पौंड जास्त दिसली तर घाबरून सोडू नका. थंड झाल्यावर ती आपोआप जागेवर येते.

हाच नियम पावसाळ्यात उलटा फिरतो. मेमध्ये कमी केलेली हवा जुलैच्या गारव्यात आणखी कमी होते. नासाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर अभ्यास करून टायर पाण्यावर कधी तरंगतो याचं ढोबळ सूत्र काढलं. त्यानुसार, पाणी खाचांच्या वर चढलं असेल तर, ३३ पौंड हवेला हा धोका ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २२ पौंडाला ७८ च्या आसपासच. म्हणजे उन्हाळ्यातली चूक पावसाळ्यात पुन्हा भोवते.

बदल वयाकडे बघून

कायद्याने मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. पण घाटातल्या पावसासाठी आम्ही ३ मिलिमीटरलाच बदला म्हणतो. गेज नसेल तर आगपेटीची काडी खाचेत आडवी ठेवा. ती साधारण दोन मिलिमीटर जाड असते. ती खाचेच्या वर डोकावली तर माळशेजचा बेत पुढे ढकला आणि आधी टायरचं बघा.

आपल्या गावाकडे मात्र वेगळीच अडचण आहे. गाडी लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला निघते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर, बाकी दिवस अंगणात उन्हात उभी. खाचा नव्यासारख्या राहतात, पण रबर म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करतात, बाजूला बारीक भेगा पडतात. आणि आपण म्हणतो, "टायर तर अजून नवेच आहेत!"

टायरचं वय बाजूवर लिहिलेलं असतं. 'डॉट' या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी कधी हे आकडे आतल्या बाजूला येतात, खाली वाकून बघावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षं ही बहुतेक कंपन्यांनी सांगितलेली शेवटची हद्द आहे. आपल्या उन्हात आम्ही सहा-सात वर्षांनंतर महामार्गावर भरवसा ठेवू नका म्हणतो. बाजूला फुगा आला असेल तर मात्र वय बघत बसू नका, त्याच दिवशी काढा. आतल्या तारा तुटलेल्या असतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*टोमॅटोचा भाव पडला त्या वर्षी चार टायर एकदम कसे घेणार?*
दोन घ्या, जोडीने आणि सारखे. पण नवे दोन मागे बसवा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरी मागेच. पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगला कळतं, वेग कमी केला की बहुधा सावरतं. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य ड्रायव्हरला ती आवरत नाही.

*नायट्रोजन भरावा का?*
फुकट मिळाला तर भरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरला म्हणून तपासणी चुकत नाही.

*रस्त्याकडेला मिळणारे जुने टायर घ्यावेत का, असं एका ताईंनी विचारलंय.*
ताई, त्या टायरने काय काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही. खाचा दिसतात, आत मारलेली ठिगळं दिसत नाहीत. पैसे कमी असतील तर साध्या कंपनीचा, आयएसआय चिन्हाचा, ताज्या तारखेचा नवा टायर बरा.

*स्टेपनीचं काय?*
बरा प्रश्न. तीही वयाने म्हातारी होते, आणि तिच्यात हवा आहे का हे आपल्याला रात्री पंक्चर झाल्यावरच कळतं. चार टायरची हवा बघाल तेव्हा पाचव्याचीही बघा.

उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी एवढंच करा: दारावरचा हवेचा आकडा वाचा, पाचही टायरवरचे शेवटचे चार आकडे एका कागदावर लिहा, आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.