ऐंशी जागा आणि जिल्हाभरची मुले
नवोदय विद्यालयाच्या प्रवेशात वंचितांना वाटा कसा मिळतो, आणि तो कोठे अडतो?

सिंधुदुर्गनगरी - पाचवीत शिकणाऱ्या मुलाच्या पुढील सात वर्षांच्या शिक्षणाचा निर्णय अवघ्या दोन तासांच्या परीक्षेत लागतो. सावंतवाडी तालुक्यातील सांगेली येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गात प्रवेश मिळाला, की बारावीपर्यंतचे शिक्षण, निवास, भोजन, गणवेश आणि पुस्तके यांची चिंता मिटते. त्यामुळे या परीक्षेकडे जिल्ह्यातील पालकांचे डोळे लागलेले असतात. जागा मात्र जास्तीत जास्त ऐंशी. त्या कोणाच्या वाट्याला याव्यात, हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. परीक्षा सर्वांना सारखी असली, तरी तिच्यापर्यंत पोचण्याची वाट सर्वांना सारखी नसते.

निवडक मुलांच्या शाळा असाव्यात, पण त्या ठरावीक घरांतील मुलांच्याच होऊ नयेत, या पेचाशी जगातील अनेक देश झगडत आहेत. अमेरिकेत तो वंशाच्या अंगाने पुढे येतो, तर आपल्याकडे जात, जमात, गाव आणि लिंग यांच्या अंगाने. या पेचावर भारताने काढलेला तोडगा समजून घेण्यासाठी नवोदयच्या प्रवेशाचे नियम पाहणे उद्बोधक ठरते.

गुणवत्तेला गावाची जोड

ग्रामीण भागातील हुशार मुलांना, त्यांच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती काहीही असली तरी, उत्तम दर्जाचे निवासी शिक्षण मिळावे, ही नवोदय योजनेमागील कल्पना. हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालये सुरू झाली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या प्रयोगाला देशव्यापी रूप दिले. जिल्ह्यास एक विद्यालय, असे सूत्र ठरले. तमिळनाडूचा अपवाद वगळता सर्व राज्यांनी ही योजना स्वीकारली.

तत्पूर्वी महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले होते. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा वेगळा विचार मांडला. ग्रामीण गुणवंतांसाठी राज्य शासनाने पुसेगाव, औरंगाबाद आदी ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने काढली. नवोदयचे वेगळेपण असे, की येथे मूळ आराखड्यातच गुणवत्तेला सामाजिक वाट्याची जोड देण्यात आली.

नियम काय सांगतात?

नवोदयची निवड परीक्षा ऐंशी प्रश्नांची आणि शंभर गुणांची असते. त्यांपैकी पन्नास गुण मानसिक क्षमता चाचणीला आणि प्रत्येकी पंचवीस गुण अंकगणित व भाषा यांना असतात. विद्यार्थ्याला ती मराठीतून देता येते. ही संधी एकदाच मिळते, पुन्हा बसता येत नाही.

गुणवत्ता यादी मात्र सरसकट पहिल्या ऐंशी मुलांची नसते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील शाळांत शिकलेल्या मुलांसाठी असतात. किमान एक तृतीयांश जागा मुलींना मिळाव्यात, असा दंडक आहे. अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातील त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात. परंतु हे प्रमाण अनुक्रमे १५ आणि ७.५ टक्क्यांपेक्षा कमी असू नये आणि दोन्ही मिळून ५० टक्क्यांपेक्षा अधिक होऊ नये, अशी अट आहे. २०२१-२२ च्या सत्रापासून केंद्रीय यादीतील इतर मागास वर्गांसाठी २७ टक्के आरक्षण लागू झाले. दिव्यांग मुलांसाठीही जागा राखीव आहेत. खुल्या गुणवत्तेवर निवडले गेलेले मागासवर्गीय विद्यार्थी या राखीव जागांत मोजले जात नाहीत.

सिंधुदुर्गाचे वेगळे गणित

हेच नियम सिंधुदुर्गाला लावून पाहिले, की चित्र बदलते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार ६५१ आहे आणि दर शंभरांपैकी सुमारे ८७ जण खेड्यात राहतात. म्हणजे ग्रामीण भागासाठी राखलेला ७५ टक्क्यांचा वाटा येथील ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा कमीच आहे. ज्या जिल्ह्यात मोठी शहरे आहेत, तेथे हा नियम गावातील मुलाचे शहरी स्पर्धेपासून संरक्षण करतो. सिंधुदुर्गात मात्र खरी दरी गाव आणि शहर यांच्यात नसून गावागावांत, किंबहुना एकाच गावातील वाडीवाडीत आहे.

याचे कारण ग्रामीण असण्याच्या व्याख्येत दडलेले आहे. मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवीची पूर्ण वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढली असली, की तो ग्रामीण ठरतो. पालकांचे उत्पन्न वा शिक्षण येथे विचारात घेतले जात नाही. शहराच्या वेशीबाहेर, पण ग्रामपंचायतीच्या हद्दीत असलेल्या शाळेत शिकणारा शिक्षकाचा, बँक कर्मचाऱ्याचा अथवा अधिकाऱ्याचा मुलगा आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी एकशिक्षकी शाळेत शिकणारा शेतमजुराचा मुलगा हे दोघेही कागदोपत्री सारखेच ग्रामीण असतात. याउलट एखाद्या गावात नगरपंचायत झाली, की तेथील मजुराचे मूलही शहरी गटात जाते.

अनुसूचित जाती व जमातींच्या बाबतीत चित्र उलटे दिसते. जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे साडेसहा टक्के, तर अनुसूचित जमातींची एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे सात हजारांच्या आसपास आहे. किमान मर्यादेच्या नियमामुळे ऐंशीपैकी बारा जागा अनुसूचित जातींना आणि सहा जागा जमातींना राखल्या जातात. सात हजारांच्या लोकसंख्येत पाचवीच्या वयाची मुले ढोबळमानाने शंभरेकच असणार. त्यांच्यासाठी सहा जागा, ही कागदावर मोठी संधी आहे. परंतु जागा राखून ठेवणे आणि त्या जागेसाठी अर्ज येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्जापूर्वीच होणारी निवड

खरी चाळणी परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू होते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्यासोबत मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ज्या शाळेतील शिक्षकाला या परीक्षेची आच आहे, तेथील मुले अर्ज भरतात. जेथे एक-दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळत शासकीय माहितीचे तक्ते भरण्यात गुंतलेले असतात, तेथे मुदत कधी उलटली हेही पालकांना कळत नाही. जिल्ह्यातील अनेक प्राथमिक शाळांची पटसंख्या वीसच्या आत आली आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

दुसरी अडचण दाखल्यांची. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळवण्यासाठी पूर्वजांच्या वास्तव्याचा आणि जातीचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा ग्राह्य धरला जातो. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत आणि ज्यांच्या नावे कधी सातबारा नव्हता, त्यांनी हा पुरावा आणायचा कोठून? केंद्र शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गटांत समाविष्ट केलेल्या कातकरी समाजाची ही व्यथा साऱ्या कोकणात ऐकू येते. सर्वांत वंचित असलेल्यांनाच वंचित असल्याचा पुरावा देणे सर्वाधिक कठीण जाते.

तिसरी गोष्ट यादीच्या फरकाची. राज्यात विमुक्त जाती व भटक्या जमातींना स्वतंत्र आरक्षण आहे, नवोदयमध्ये तसा वेगळा गट नाही. त्यांपैकी जे समाज केंद्राच्या इतर मागास वर्गांच्या यादीत आहेत, त्यांना त्या गटातून आणि उन्नत गटात मोडत नसल्याच्या केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्रासह दावा करावा लागतो. राज्याच्या नमुन्यातील दाखला हाती असलेल्या पालकाची येथे हमखास धावपळ होते.

स्थलांतरित कुटुंबांची मुले तर या चौकटीत बसतच नाहीत. देवगड पट्ट्यातील आंबा बागांत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबे किंवा कर्नाटकातून बांधकामावर येणारे मजूर यांच्या मुलांना तीन वर्षे सलग ग्रामीण शाळा आणि पाचवीचे पूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यात, या अटी पाळणे अवघड असते.

चाचणी किती निःपक्षपाती?

मानसिक क्षमता चाचणीत आकृत्यांवर भर असल्याने ती घरच्या संस्कारांपासून मुक्त असते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आकृत्यांचे हे प्रकार ठरावीक असतात आणि सरावाने त्यांत गती येते. शिकवणी लावू शकणारे, मार्गदर्शिका विकत घेऊ शकणारे पालक हा सराव करवून घेतात. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील उताऱ्याचे आकलन करायचे असते. उत्तरपत्रिकेतील वर्तुळे काळी करण्याची पद्धतही अनेकांना परीक्षेच्या दिवशीच प्रथम दिसते. दहा वर्षांच्या मुलाच्या दोन-चार गुणांच्या फरकात बुद्धी किती आणि सराव किती, हे वेगळे काढता येत नाही. केवळ गुणांच्या उतरंडीने यादी लावणे पुरेसे नाही, असे आरक्षणाचे समर्थक म्हणतात, ते याच कारणाने.

अमेरिकेचा धडा

केवळ गुणांवर विसंबल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. तेथील विशेष हायस्कुलांत प्रवेश एकाच लेखी परीक्षेवर देण्याचे बंधन १९७१ च्या राज्य कायद्याने घातले. २०१९ मध्ये त्यांतील सर्वांत नामांकित स्टायव्हेसंट हायस्कूलमधील ८९५ जागांपैकी केवळ सात जागा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळाल्या. शहराच्या सरकारी शाळांत मात्र कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले मिळून सुमारे दोन तृतीयांश होती. महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०१८ मध्ये ही परीक्षा रद्द करून प्रत्येक माध्यमिक शाळेतील अव्वल मुलांना प्रवेश देण्याचा प्रस्ताव मांडला. आशियाई वंशाच्या पालकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांतील अनेक कुटुंबे स्वतः गरीब आणि स्थलांतरित होती. परीक्षा हीच त्यांची वर येण्याची शिडी होती. अखेर प्रस्ताव बारगळला.

फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्याने वेगळी वाट धरली. पूर्वी तेथे पालक वा शिक्षक शिफारस करतील त्याच मुलांची बुद्धिमत्ता चाचणी होत असे. २००५ पासून दुसरीतील सर्व मुलांची प्राथमिक चाचणी शाळेतच घेण्यास सुरुवात झाली. निकष न बदलताही गुणवंतांच्या वर्गात जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण ८० टक्क्यांनी आणि लॅटिनो मुलांचे १३० टक्क्यांनी वाढले, असे डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ही मुले आधीही तितकीच हुशार होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते, इतकेच. पुढे आर्थिक चणचणीमुळे ही व्यवस्था गुंडाळताच प्रमाण पुन्हा घसरले.

ओरोसच्या हाती काय?

प्रवेशाचे नियम दिल्लीत ठरतात, परंतु अर्जापर्यंतची वाट जिल्ह्यातच मोकळी करता येते. जिल्हाधिकारी हे विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात आणि प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. ही दोन्ही कार्यालये सिंधुदुर्गनगरीतच आहेत. ब्रॉवर्डचा धडा येथे लागू करायचा, तर पात्र असलेल्या प्रत्येक पाचवीच्या मुलाचा अर्ज शाळेनेच भरावा, आणि ज्याचा भरला जाणार नाही त्याचे कारण नोंदवावे, एवढे पुरेसे आहे. निवडीची इच्छा पालकांनी व्यक्त करण्याची वाट पाहण्याऐवजी सर्वांना गृहीत धरायचे, हा त्यातील मुख्य बदल.

चौथीतच दाखल्यांची शिबिरे वाडीवर घेणे, केंद्रशाळेत उत्तरपत्रिकेसह सराव परीक्षा घेणे आणि कोणत्या तालुक्यातून, कोणत्या गटातून किती अर्ज आले याचे आकडे दरवर्षी जाहीर करणे, यांपैकी कशासाठीही नवा कायदा लागत नाही. वैभववाडी किंवा दोडामार्गच्या दुर्गम भागातून अर्जच येत नसतील, तर ते निकालाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. प्रत्येक गावातील चुणचुणीत मूल उचलून नेल्याने मागे राहिलेली शाळा अधिकच निस्तेज होते, असे अनेक शिक्षकांना वाटते. ऐंशी जणांसाठी होणारा खर्च सर्व शाळांवर का होऊ नये, हा प्रश्नही रास्त आहे. त्याचे उत्तर नवोदय देऊ शकत नाही. पण जोवर अशी शाळा सार्वजनिक पैशावर चालते, तोवर तिचे दार कोणाला दिसते आणि कोणाला दिसतच नाही, याचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रत्येक वाडीला आहे.

पालकांसाठी थोडक्यात
- मूल पाचवीत त्याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत शिकत असावे व कुटुंबाचे वास्तव्यही त्याच जिल्ह्यात असावे.
- ग्रामीण कोट्यासाठी तिसरी ते पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षे ग्रामीण शाळेतच झालेली असावीत.
- परीक्षा एकदाच देता येते. अर्ज विनामूल्य असतो.
- इतर मागास वर्गांसाठी केंद्रीय यादी आणि केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. त्याची तयारी निकालाची वाट न पाहता करावी.
- नववीपासून विद्यालय विकास निधी घेतला जातो. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील विद्यार्थ्यांना तो माफ आहे.