माजी सैनिकाचा अर्ज कोठे अडतो?

कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीकाठच्या खारफुटीपर्यंत पसरलेले चारकोप हे जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने म्हाडाने 1980 च्या दशकात आखलेल्या लहान लहान भूखंडांतून उभे राहिले. आणि त्या सेक्टरांतील बैठ्या घरांत ज्या मराठी मध्यमवर्गाने आपले संसार थाटले, त्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतून फौजेत गेलेले व निवृत्तीनंतर बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर सुरक्षारक्षकाची नोकरी पत्करलेले माजी सैनिकही असावेत, यात नवल नाही. लष्कर या वस्तीपासून दूर नाही. रेल्वेरुळांच्या पलीकडे लष्कराचे आयुध भांडार, म्हणजे सीओडी, आहे आणि मालाड-मार्व्याच्या अंगास नौदलाचे 'हमला' हे ठाणे आहे. परंतु मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या शिपायाला आपल्या अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मागावयाचे झाले, की त्याचे सेवेचे कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात, पेन्शनचा हिशेब प्रयागराजच्या लेखा कार्यालयात, अपिलाचा निर्णय दिल्लीत आणि न्याय सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात, अशी त्याच्या एकाच दुखण्याची चार दफ्तरांत वाटणी झालेली असते.

या दाव्याचा उगम बहुधा निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळात, म्हणजे फौजी बोलीतल्या 'मेडिकल बोर्डा'त होतो. मंडळासमोर प्रश्न दोनच असतात. दुखणे लष्करी सेवेमुळे जडले किंवा सेवेमुळे बळावले काय, हा पहिला. आणि त्यामुळे शरीराची हानी शेकडा किती झाली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे वीस टक्के वा अधिक आले, तरच दावा उभा राहतो. शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के रक्कम मिळते आणि टक्केवारी उतरेल तशी ती त्याच प्रमाणात उतरते. समजा, एखाद्याचे अखेरचे वेतन 40,000 रुपये असेल, तर शंभर टक्क्यांना 12,000 आणि वीस टक्क्यांना केवळ 2,400 रुपये दरमहा. आकडा लहान दिसतो खरा. पण ज्याची औषधे आयुष्यभर चालावयाची आहेत, त्याला तो लहान वाटत नाही.

अडचण बहुधा पहिल्या प्रश्नाशीच येते. अशा निवृत्तिवेतनाचे 1982 चे हक्कनियम सैनिकाकडे मोठ्या सौजन्याने पाहत. सेवेत प्रवेश करताना जो निरोगी ठरला त्याची पुढील प्रकृतीची हानी सेवेमुळेच झाली, असे ते गृहीत धरत आणि हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नाही, असे नवव्या नियमात स्पष्ट म्हणत. प्रत्यक्ष दफ्तराची वृत्ती मात्र नेमकी उलटी असलेली दिसते. रक्तदाब, मधुमेह, मनोविकार, अपस्मार अशा दुखण्यांपुढे 'सेवेशी संबंध नाही' एवढाच शेरा मारावयाचा, फार तर नोकरी शांततेच्या ठाण्यावर होती असे एक वाक्य जोडावयाचे, आणि कारण विचारणाऱ्याला त्याच शेऱ्याची नक्कल धाडावयाची! धर्मवीर सिंग या सिग्नल कोअरच्या शिपायास नऊ वर्षांच्या नोकरीनंतर 1994 साली अपस्माराच्या कारणाने घरी पाठविण्यात आले व वीस टक्के अपंगत्व मान्य करूनही निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. प्रवेशाच्या वेळी रोगाची नोंद नव्हती आणि तो पुढे का उद्भवला याची कारणमीमांसा मंडळाने केली नव्हती, एवढ्यावरच सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तारीख होती 2 जुलै 2013. म्हणजे घरी आल्यावर एकोणीस वर्षांनी. त्या निकालात नवा कायदा काहीच नव्हता, जुन्या नियमांचे वाचन तेवढे होते.

रेकॉर्ड ऑफिसाकडून नकार आला, की सहा महिन्यांच्या मुदतीत पहिले अपील करता येते. ते अपील-समितीपुढे जाते व तेथेही फेटाळले गेले तर दुसऱ्या समितीपुढे. माझ्या मते विलंबाचे खरे मूळ येथे आहे. कारण या दोन्ही पायऱ्यांवर पुन्हा तेच कागद आणि तोच वैद्यकीय अभिप्राय वाचला जातो व नवा पुरावा दावेदाराने स्वतः आणला नाही, तर उत्तर बदलण्यास कारणच उरत नाही. म्हणून अपिलात केवळ आपल्या हालांचे वर्णन न करता मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी, भरतीच्या वेळच्या आरोग्यनोंदीकडे बोट दाखवावे, कोणत्या ठाण्यावर किती काळ काय काम केले हे तारखांसह मांडावे आणि शेऱ्यामागील कारणे कोठे आहेत, असा सरळ प्रश्न विचारावा. हे लेखन ज्यांच्या हातून होत नाही त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने साहाय्य करावे, अशी व्यवस्था आहे. चारकोपच्या माणसाचे कार्यालय मुंबई उपनगर जिल्ह्याचे. याउलट अमेरिकेत दाव्यासाठी पुरावा शोधण्यास मदत करणे हे माजी सैनिकांच्या खात्याचेच कर्तव्य मानले जाते व 2019 पासून पुनर्विलोकनाच्या तीन वाटांतली एक दावेदाराने निवडावयाची असते. तेथेही अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे अर्थात वेगळे.

समित्यांचे मौन फार लांबले, तर वाट पाहत बसण्याचे कारण नाही. 2007 च्या कायद्याने स्थापिलेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे, अपिलावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही तरी, जाता येते. येथे मात्र विलंबाचा प्रकार बदलतो. प्रत्येक पीठावर एक न्यायिक व एक प्रशासकीय सदस्य लागतो आणि जागा रिकामी राहिली, की तारखांवर तारखा पडतात. निकाल लागला तरी लेखा कार्यालयातून निवृत्तिवेतनाचा नवा आदेश, म्हणजे पीपीओ, निघेपर्यंत आणखी महिने जातात व काहींना आपल्याच निकालाच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यात सरकार वरच्या न्यायालयात गेले, तर हिशेब पुन्हा लांबतो. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग निःसंदिग्धपणे मोकळा ठेवला. तो सैनिकाला उपयोगी आहे, तसाच सरकारलाही.

टक्केवारीच्या बाबतीत एक दिलासा आहे. 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार प्रकरणातील निकालानुसार, पन्नासहून कमी अपंगत्व पन्नास धरावे हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. त्यामुळे वर सांगितलेले 2,400 रुपये 6,000 होतात. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे हक्कनियम लागू झाले असल्याने, कोणता नियम आपल्याला लागू आहे हे ठरविताना निवृत्तीची तारीख प्रथम पाहावी, शेजाऱ्याला किती मिळाले हे नंतर.

आणि ज्याला या पायऱ्या फार उशिरा कळल्या, त्याचे काय? निवृत्तिवेतन न देणे हा दरमहा घडणारा अन्याय असल्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात 2008 साली मान्य केले. तो सैनिक 1983 साली घरी आला होता आणि न्यायालयात 1999 साली गेला होता. निवृत्तिवेतन त्याला मिळाले. थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच.