कापशी, घुबड आणि शेतातील उंदीर

केज तालुक्यातील रब्बी ज्वारीच्या रानात पांढुरकी, काळ्या खांद्यांची कापशी घार एकाच जागी पंख फडफडवीत हवेत स्थिर झालेली दिसते. खाली उंदराची हालचाल दिसताच ती पाय खाली सोडून टप्प्याटप्प्याने उतरते व झडप घालते. रात्री हेच काम गव्हाणी घुबड करते. त्याचे दोन्ही कान कमी-अधिक उंचीवर असल्याने निव्वळ खसफसीवरून त्यास भक्ष्याची नेमकी जागा कळते. उडताना पंखांचा आवाज जवळजवळ होत नाही. पडक्या वाड्यात त्याच्या बैठकीखाली त्याने ओकलेल्या गोळ्या पडलेल्या असतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या शेतकऱ्यांसमोर फोडून दाखवाव्यात. आत उंदरांच्या कवट्या सापडतात. तरीही त्यास अशुभ मानून हुसकावले जाते, ही खेदाची गोष्ट होय.

उंदीरही गाफील नसतो. चाहूल लागताच तो जागीच थिजतो अथवा बिळाकडे धावतो. चांदण्या रात्री उघड्यावर येणे टाळतो आणि बांधावरील गवताच्या आडोशाने फिरतो. म्हणून हे गवत कापून आखूड ठेवावे. मात्र बांध उकरू नये. शेतात पिकापेक्षा हातभर उंच, आडवी काठी बांधलेले पक्षिथांबे रोवावेत. कणसात दाणे भरू लागताच ते काढावेत, कारण मग त्यांवर दाणे टिपणारी पाखरे बसतात.

ब्रोमाडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून फिरतो. असा उंदीर खाणाऱ्या घुबडासही विषबाधा होऊ शकते. मेलेले उंदीर दररोज वेचून खोल पुरावेत.