पर्फोरेशनमधील दोष कसे ओळखावेत?

तिकिटाच्या एका बाजूला दाते नाहीत असे दिसले की नवा संग्राहक हरखतो. पण सरळ कड म्हणजे दोषच, असे नाही. कॉइल किंवा पुस्तिकांसाठी छापलेल्या तिकिटांच्या काही कडा मुद्दामच सरळ ठेवतात. ब्रिटनचे १८४० चे पेनी ब्लॅक आणि भारताचे १८५४ चे अर्ध्या आण्याचे तिकीट तर कात्रीने कापूनच वापरावे लागे.

दोन सेंटिमीटरमध्ये जितकी छिद्रे बसतात, तो आकडा म्हणजे गेज. ही पद्धत पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी १८६६ मध्ये मांडली. ब्रिटनच्या पेनी रेडचे गेज १८५४ मध्ये १६ होते, पुढच्या वर्षी १४ आले. दोन्ही नियमित प्रकार आहेत. गेज वेगळे म्हणून तिकीट सदोष ठरत नाही.

खरा दोष यंत्राच्या चुकीतून येतो, म्हणून यंत्र कसे चालते ते आधी पाहावे. लाइन पद्धतीत सुयांची एकच ओळ असते. ती आधी आडवी, मग उभी चालते. एक फेरी हुकली की शेजारच्या दोन तिकिटांमध्ये छिद्रेच राहत नाहीत. कंगवा पद्धतीत एका ठोक्यात एका रांगेची वरची व बाजूची छिद्रे पडतात, त्यामुळे कोपरे नीट जुळतात. इथे एक ठोका चुकला तर पूर्ण रांग तीन बाजूंनी कोरी राहते.

छिद्रे सरकली तर चित्र एका बाजूला कापले जाते आणि दुसरीकडे शेजारच्या तिकिटाचा तुकडा येतो. तिकिटाची रुंदी मात्र तीच राहते. सुया बोथट असतील तर कागद फुटत नाही, नुसते खळगे उमटतात. तिकीट तिरप्या उजेडात धरा. खळगे दिसले तर ते छिद्ररहित नव्हे, 'आंधळ्या' छिद्रांचे तिकीट आहे.

फसवणूक होते ती इथेच. साध्या तिकिटाचे दाते कापून ते 'छिद्ररहित' म्हणून विकतात. नेहमीच्या तिकिटाशेजारी ठेवले की ते बहुधा लहान भरते. पण रुंद समास असलेले तिकीट निवडून कापले असेल, तर मोजूनही काही कळत नाही. म्हणून एरवी छिद्रे असलेल्या तिकिटाची छिद्ररहित प्रत सुटी घेऊ नये, जोडीच मागावी. दोन तिकिटांमधला कोरा कागद कात्रीने तयार करता येत नाही.