कडवे फुलपाखरू

आपल्या लाखनीच्या परिसरात रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीवर रुईची झुडपे वाढतात. उर्दूत आपण रुईला आक किंवा मदार म्हणतो. रुईचे पान तोडले की पांढरा चीक गळतो. हा चीक विषारी असतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांना मोठी इजा होते. म्हणून पान तोडू नका, नुसते निरखून पाहा.

त्याच पानावर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची एक अळी कधी कधी दिसते. ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी होय. ती मोठी हुशार! मोठी झालेली अळी आधी पानाचा देठ किंवा शीर कुरतडते, चीक गळू देते आणि मग पान खाते. तरी थोडे विष पोटात जातेच. ते ती शरीरात साठवते. पुढे अळीचा कोष होतो, कोषातून नारिंगी फुलपाखरू बाहेर पडते. पण अळीपणी साठवलेले विष त्याच्या अंगात राहते.

हे विष अन्नातूनच येते, हे कसे कळले? लिंकन ब्रोअर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात एक युक्ती केली. मोनार्क हे बिबळ्या कडव्याचे अमेरिकेतील भाऊबंद. त्याच्या अळ्या त्यांनी चक्क कोबीवर वाढवल्या. त्यांची फुलपाखरे ब्लू जे पक्ष्यांनी खुशाल खाल्ली. मग रुईच्या कुळातील विषारी झाडावर वाढलेली फुलपाखरे त्यांना दिली. ती खाताच पक्ष्यांना ओकाऱ्या झाल्या. त्यानंतर मोनार्क नुसते दिसले तरी ते पक्षी तोंड फिरवू लागले.

मग अळी स्वतः कशी मरत नाही? पेशीतील सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा हे विष बंद पाडते आणि हृदय बिघडवते. मोनार्कच्या पेशींत ही यंत्रणा थोडी बदललेली असते. त्यामुळे विषाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

सगळ्याच बिबळ्या कडव्यांत सारखे विष नसते. काहींत ते फार थोडे असते. पण रंग तोच, म्हणून तेही वाचतात. चांदवा जातीच्या एका फुलपाखराने तर कमालच केली आहे! त्याची अळी घोळ, म्हणजे आपला कुल्फा, अशी साधी भाजी खाते. तरी मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी दिसते आणि पक्षी फसतात. नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके असलेला. दोघे शेजारी बसले तरी ते एकाच जातीचे आहेत असे कोणाला वाटणार नाही.